बाजारहिश्श्याचे दावे (उद्योगांसाठीचे सॉफ्टवेअर)

ईआरपी (खरेदी, साठा, हिशेब अशी कंपनीची कामे एकत्र सांभाळणारी प्रणाली), डेटाबेस, पगारपत्रक, ग्राहक-व्यवस्थापन अशी सॉफ्टवेअर कंपन्यांना विकणारे प्रतिस्पर्धी आपण 'पहिल्या क्रमांकावर' असल्याचे ज्या टक्केवारीच्या आधारे सांगतात, ते म्हणजे बाजारहिश्श्याचे दावे. गणित शाळेतल्या अपूर्णांकाचे आहे: अंशात विक्रेत्याची विक्री, छेदात एकूण बाजार. वाद बहुतेक वेळा छेदाचा असतो. समजा, एखाद्याची विक्री 30 कोटी आहे. फक्त मोठ्या वाहनउद्योगांचा 100 कोटींचा बाजार धरला, तर हिस्सा 30 टक्के. सर्व कारखाने धरून 600 कोटींचा धरला, तर 5 टक्के. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. म्हणूनच टक्केवारीच्या आधी बाजाराची व्याख्या विचारावी लागते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीने 2003 मध्ये पीपलसॉफ्ट ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेण्याचा प्रस्ताव मांडला. मोठ्या, गुंतागुंतीच्या संस्थांना लागणारे वित्त आणि मनुष्यबळाचे सॉफ्टवेअर विकणारे ओरॅकल, पीपलसॉफ्ट आणि एसएपी हे तिघेच आहेत, असे म्हणत तिथल्या न्याय विभागाने ही खरेदी रोखण्यासाठी 2004 मध्ये दावा ठोकला. बाजार याहून पुष्कळ मोठा आहे, त्यात लॉसन, मायक्रोसॉफ्ट आणि ही कामे बाहेरून करून देणाऱ्या कंपन्याही येतात, असे ओरॅकलचे म्हणणे होते. सरकारने आखलेला अरुंद बाजार सिद्ध झाला नाही, असा निकाल न्यायाधीश वॉन वॉकर यांनी 9 सप्टेंबर 2004 रोजी दिला. जाहिरातीत विक्रेत्याला लहान बाजारातला मोठा वाटा हवा असतो. विलीनीकरणाच्या खटल्यात मोठ्या बाजारातला लहान वाटा सोयीचा ठरतो. त्याच सुमारास एसएपी तिमाही निकालांसोबत स्वतः निवडलेल्या मोजक्या स्पर्धकांच्या गटातला आपला वाटा जाहीर करत असे. भारताच्या 2002 च्या स्पर्धा कायद्यातही वर्चस्व तपासण्याआधी 'संबंधित बाजार' ठरवावा लागतो.

अंशही निर्धोक नाही. नवीन लायसन, वार्षिक देखभाल आणि क्लाउडचे (इंटरनेटवरून भाड्याने वापरायच्या सॉफ्टवेअरचे) मासिक शुल्क एकत्र मोजायचे की वेगळे, यावर क्रम बदलतो. ओरॅकलने जून 2018 पासून क्लाउडचे उत्पन्न लायसनच्या सपोर्टसोबत एकत्र दाखवायला सुरुवात केली. त्यानंतर बाहेरच्या वाचकाला क्लाउडची निखळ वाढ काढणे अवघड झाले. पाच मॉड्यूल (सॉफ्टवेअरचे स्वतंत्र भाग) एका सौद्यात विकली, की कोणत्या मॉड्यूलच्या खात्यावर किती रक्कम टाकायची हे विक्रेताच ठरवतो. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेससारखे फुकट उतरवून घेतलेले सॉफ्टवेअर तर उत्पन्नावर आधारलेल्या मोजणीत जवळपास दिसतच नाही.

पुण्यात हा प्रश्न दोन ठिकाणी थेट खिशाला भिडतो. पहिले ठिकाण म्हणजे ईआरपी शिकवणारे क्लास. 'जगात सर्वाधिक वापर' या एका ओळीवर विसंबून गावाकडची कुटुंबे मुलांची मोठी फी भरतात. पण लायसनविक्रीतला हिस्सा म्हणजे नोकऱ्यांचा हिस्सा नव्हे. हिंजवडी-खराडीतली भरती परदेशी ग्राहकांची कोणती कामे सध्या चालू आहेत आणि त्यांत नवख्यांना किती जागा आहे, यावर ठरते. या मुलांसमोर अर्धवट आकडा ठेवणे ही गंभीर गोष्ट आहे, कारण त्यांना तो तपासण्याचे साधन नसते.

दुसरे ठिकाण भोसरी-चाकणचे लघुउद्योग. सुट्या भागांच्या कारखानदाराला जागतिक टक्केवारीचा उपयोग फारसा नाही. त्याने विचारायचे ते असे: माझ्याएवढ्या, माझ्याच प्रकारच्या किती कारखान्यांत हे सॉफ्टवेअर गो-लाइव्ह झाले, म्हणजे प्रत्यक्ष कामाला लागले, त्यांतल्या किती जणांनी दुसऱ्या वर्षी एएमसी (वार्षिक देखभालीची रक्कम) भरली, आणि घेतलेल्या लायसनांपैकी किती युजर रोज लॉगिन करतात? विक्रेता दाखवतो त्या ग्राहकांच्या यादीतली नावे त्यानेच निवडलेली असतात. म्हणून यादीबाहेरचा, ते सॉफ्टवेअर सोडून दिलेला एखादा कारखाना शोधून तिथल्या स्टोअर्सच्या माणसाशी बोलावे.