पार्श्वभूमी : इंजिनला एंडगेम किती कळतो, आणि ५० चालींचे त्रांगडे

जॉर्जियातल्या बाटुमीला २०२५च्या जुलैत नागपूरच्या खेळाडूने बुद्धिबळाचा महिलांचा विश्वचषक जिंकला, तो टायब्रेकच्या, म्हणजे बरोबरी फोडण्यासाठीच्या जलद डावांत. ते डाव ज्यांनी थेट पाहिले, त्यांना पटाशेजारची, इंजिन म्हणजे बुद्धिबळाचा संगणक-प्रोग्रॅम कुणाचे पारडे जड मानतो ते दाखवणारी काळी-पांढरी पट्टी समजावून सांगायला नको. पटावर गर्दी असते तोवर ही पट्टी जरा दबकून हलते. मोहरी कमी झाली की तिला भलताच आत्मविश्वास येतो. एका चालीला पांढरीशुभ्र, पुढच्या चालीला बरोबर मध्यावर. समालोचक सांगतात, ‘इंजिन म्हणतंय, जिंकलेला आहे.’ हे ‘जिंकलेला’ कोणत्या नियमाने, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

बुद्धिबळ खरोखर खेळणारे पहिले यंत्र एंडगेमचेच, म्हणजे मोहरी संपत आलेल्या शेवटच्या टप्प्याचेच होते. एका स्पॅनिश अभियंत्याने ते १९१२च्या सुमारास बनवले आणि १९१४ साली पॅरिसमध्ये लोकांपुढे मांडले. यंत्राकडे राजा आणि हत्ती, समोरच्या माणसाकडे नुसता राजा. मात ठरलेली, पण जवळच्या वाटेने नव्हे. कधीकधी ती ५० चालींच्याही पलीकडे रेंगाळायची. (हा आकडा लक्षात असू द्या, पुढे तोच छळणार आहे.) आपल्या जुन्या देशी पद्धतीत एका बाजूकडे नुसता राजा उरला की ‘बुर्जी’ झाली म्हणून डाव थांबायचा. म्हणजे आपल्या वाड्याच्या ओसरीवर त्या यंत्राला कामच मिळाले नसते.

मधली पन्नासेक वर्षे सोडून देऊ. संगणक आल्यावर प्रोग्रॅमांची अक्कल मुख्यतः बेरजेची होती. प्यादे एक, घोडा-उंट तीन-तीन, हत्ती पाच, वजीर नऊ. त्यावर राजा कुठे आहे, प्यादी दुहेरी आहेत का, असली किरकोळ भर. डावाच्या मध्यात ही बेरीज चालून जाते. शेवटाकडे तिची फजिती होते. नुसत्या राजासमोर दोन घोडे असले तर बेरीज सहा, पण बचाव करणाऱ्याने स्वतःहून चूक केल्याशिवाय मात होत नाही. कडेचे प्यादे आणि उंट आहे, पण ते प्यादे ज्या घरात वजीर व्हायचे त्या रंगाचा तो उंट नाही. बेरीज चार, आणि समोरचा राजा त्या कोपऱ्यात पोचला की डाव ठार बरोबरीत. दोघांचे उंट वेगवेगळ्या रंगाच्या घरांवर असले तर दोन प्यादी जास्त असूनही हाती काही लागेलच असे नाही.

शिवाय राजाचा प्रश्न. मध्यात त्याने कोपऱ्यात दडून बसायचे, शेवटाला पटाच्या मधोमध यायचे. प्रोग्रॅमला ‘आता शेवट सुरू झाला’ हे कधी सांगायचे? एखादी ठरावीक रेघ ओढली, तर त्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे त्याचा आकडा टुणकन उडी मारतो, आणि ती उडी टाळायला किंवा साधायला तो भलत्या वेळी वजीर अदलाबदली करतो. यावरचा तोडगा म्हणजे प्रत्येक गोष्टीला दोन किमती द्यायच्या, एक मध्याची आणि एक शेवटाची, आणि मोहरी उतरत जातील तसे एकीवरून दुसरीकडे हळूहळू सरकायचे. आज हे सरळ वाटते, पण त्याचा सर्रास प्रसार व्हायला २००५च्या आसपासचा काळ उजाडावा लागला.

आणखी एक खोड वेग वाढवण्याच्या युक्तीतून आली. ‘मी चाल सोडून दिली तरी माझी स्थिती चांगली राहते का?’ असे प्रोग्रॅम स्वतःला विचारतो. उत्तर हो आले, तर ती फांदी तो पुढे तपासतच नाही. मध्यात ही युक्ती सोन्यासारखी. पण राजा-प्याद्यांच्या शेवटात चाल सोडता येत नाही हेच तर संकट असते. ज्याची पाळी, तोच बुडतो. खेळाडू याला झुगझ्वांग म्हणतात. ती युक्ती अशा जागी आंधळी होते, म्हणून मोहरी संपत आली की ती बंद ठेवण्याची सोय करावी लागली.

बेरजेला खरा शह दुसऱ्या दिशेने बसला. सगळ्या मात झालेल्या स्थिती आधी लिहून काढायच्या, मग एकेक चाल मागे जात कुठून तिथे पोचता येते ते नोंदवायचे. असे करत मागे जाणे संपले की त्या मोहऱ्यांपुरता अंदाज उरतच नाही, निकाल उरतो. हेच टेबलबेस. एका अमेरिकन प्रयोगशाळेतल्या अभियंत्याने १९७०च्या दशकात वजीर विरुद्ध हत्ती हा प्रकार असा पूर्ण सोडवला. पुस्तकांत तो सहज जिंकण्याचा म्हणून दिलेला होता. टेबलबेसने सांगितले, जास्तीत जास्त ३१ चाली. मग एका नामांकित अमेरिकन ग्रँडमास्टरला वजीर देऊन यंत्रासमोर बसवले, यंत्राकडे हत्ती. यंत्र पुस्तकात नसलेला, डोळ्यांना विचित्र दिसणारा बचाव करू लागले. राजा आणि हत्ती एकमेकांपासून दूर, असा. ग्रँडमास्टरला ५० चालींत जमले नाही. अभ्यास करून तो पुन्हा बसला, तेव्हा हत्ती मिळाला तो बरोबर ५०व्या चालीला.

१९८३मध्ये दोन उंट विरुद्ध एक घोडा. १८५१च्या एका विश्लेषणाच्या आधारे हा प्रकार बरोबरीचा मानला जायचा. कोपऱ्याजवळ घोडा आणि राजा ठरावीक पद्धतीने उभे केले की तटबंदी अभेद्य, असे सव्वाशेहून जास्त वर्षे शिकवले गेले. टेबलबेसने दाखवले की तटबंदी फुटते, आणि सर्वसाधारणपणे दोन उंटच जिंकतात. फक्त त्याला ६६ चालींपर्यंत लागू शकतात.

इथून खरे त्रांगडे सुरू होते. ५० चालींचा नियम वाचकांना माहीत आहेच. ५० चालींत ना प्यादे हलले, ना काही मारले गेले, तर बरोबरी मागता येते. हा नियम कुणी गणित करून काढलेला नव्हता. इतक्या चालींत जमले नाही म्हणजे जमतच नाही, असा तो व्यवहारी अंदाज होता. काही प्रकारांना जास्त लागते अशी शंका विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होती, आणि आंतरराष्ट्रीय संघटनेने वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या सवलती देऊन पाहिल्या. संगणकाचे निकाल येऊ लागल्यावर १९८०च्या दशकात सवलतींची यादी वाढत गेली. दशक संपता संपता ती ७५ चालींवर स्थिरावली. हत्ती-उंट विरुद्ध हत्ती, दोन घोडे विरुद्ध प्यादे, वजीर विरुद्ध दोन उंट, वजीर विरुद्ध दोन घोडे, दोन उंट विरुद्ध घोडा, असे प्रकार त्यात होते.

यादीचा विचार वरवर न्याय्य दिसतो. यंत्राने सिद्ध केले की ही स्थिती जिंकलेली आहे, तर जिंकायला वेळ द्या! पण ७५च का? वजीर विरुद्ध दोन उंट ७१पर्यंत जातो, तो बसला. उंट-घोडा विरुद्ध घोडा हा प्रकार ७७ चाली मागतो. तो ५०तही बसत नाही आणि ७५तही नाही. १९९१मध्ये (दोन्ही राजे धरून) सहा मोहऱ्यांचे निकाल आले तेव्हा हत्ती-उंट विरुद्ध दोन घोडे यात २२३ चालींचा विजय सापडला, पुढे हत्ती-घोडा विरुद्ध दोन घोडे यात २४३चा. प्रत्येक नव्या मशीनबरोबर नियमपुस्तकाला नवे ठिगळ लावायचे का? आणि पंचाने रात्री बारा वाजता यादी चाळत बसायचे, की या उंटाला ७५ आहेत की ५०?

१९९२ साली संघटनेने सगळ्या सवलती काढून टाकल्या. सगळ्यांना सरसकट ५०. आदल्याच वर्षी टिलबर्गला आजी-माजी विश्वविजेत्यांचा डाव ११४व्या चालीला याच नियमाने बरोबरीत सुटला होता. एकाकडे हत्ती, दुसऱ्याकडे उंट आणि दोन घोडे. शेवटच्या ५० चाली जे झाले त्याला खेळ म्हणायचे की पहारा, हा प्रश्नच होता.

या निर्णयावर आजही टीका होते, विशेषतः टेबलबेस बनवणाऱ्यांकडून. सत्य सापडल्यानंतर ते नियमाने झाकले, असा तिचा सूर असतो. मला ती फार पटत नाही. खुर्चीत बसलेल्या माणसाला २२३ चालींचे सत्य कधीच हाती लागणार नव्हते. त्या चालींतल्या बहुसंख्य चाली ग्रँडमास्टरलाही ‘का’ ते सांगता येत नाहीत. हत्ती-उंट विरुद्ध हत्ती सोडला तर यादीतले बाकीचे प्रकार प्रत्यक्ष डावांत क्वचितच येतात, आणि त्या प्रकारातही जिंकण्याजोग्या बऱ्याच स्थिती ५०त संपतात. निर्णय आयोजकांच्या सोयीचा होता हे मात्र नाकारता येत नाही. २०१४पासून त्याला आणखी एक मजला चढला. कुणी मागितली नाही तरी ७५ चालींनंतर पंचानेच बरोबरी जाहीर करायची.

याचा परिणाम शब्दांवर झाला. टेबलबेसचे अंतर मोजण्याच्या तीन तऱ्हा रूढ आहेत. एक मातेपर्यंतच्या चाली मोजते, दुसरी मोहऱ्यांचा हिशेब बदलेपर्यंतच्या, आणि तिसरी ५० चालींची मोजणी पुन्हा शून्यावर येईपर्यंतच्या. वरचे ६६, ७१, ७७, २२३ हे आकडे दुसऱ्या तऱ्हेचे. पुष्कळ वादांत एकजण एका तऱ्हेचा आकडा घेऊन बोलतो आणि दुसरा दुसऱ्या, आणि दोघांनाही समोरचा चुकतोय असे वाटते. २००५च्या सुमारास पूर्ण झालेले सहा मोहऱ्यांचे टेबलबेस मातेचे अंतर सांगायचे आणि ५० चालींचा नियम जणू नाहीच असे धरायचे. २०१२मध्ये मॉस्कोच्या विद्यापीठातल्या महासंगणकावर सात मोहऱ्यांचे टेबलबेस तयार झाले, तेही मातेच्या अंतराचे, सुमारे १४० टेराबाइटचे. त्यात ५०० चालींपलीकडची मात निघाली.

२०१३मध्ये आलेले सिझिजी टेबलबेस तिसऱ्या तऱ्हेचे आहे. सहा मोहऱ्यांपर्यंतचे सगळे साधारण दीडशे गिगाबाइटमध्ये, म्हणजे घरच्या डिस्कवर मावते. त्याने निकालाचे तीनऐवजी पाच प्रकार केले. विजय, बरोबरी आणि पराभव यांच्या जोडीला ‘कर्स्ड विन’ आणि ‘ब्लेस्ड लॉस’ आले. शापित विजय म्हणजे बुद्धिबळ म्हणून जिंकलेला, पण ५० चालींच्या नियमाने बरोबरीत सुटणारा. पलीकडचा तोच डाव कृपेने वाचलेला पराभव. इंजिन या दोन्हींना बरोबरीच धरते. पत्राद्वारे खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाच्या संघटनेत मात्र टेबलबेसचा दाखला देऊन विजय मागता येतो आणि तिथे ५० चाली आड येत नाहीत. त्यामुळे तीच स्थिती पटासमोर बसून अर्धा गुण देते आणि घरी बसून पूर्ण गुण.

तिसऱ्या तऱ्हेची एक गंमत नवख्यांना चक्रावते. मोजणी लवकरात लवकर शून्यावर आणणे हेच ध्येय असल्याने, निव्वळ त्या टेबलावर खेळणारे यंत्र जिंकलेल्या डावात हत्ती फुकट देऊन टाकते. विजय टिकतो ना, मग झाले. पाहणाऱ्याला वाटते, इंजिन बिघडले.

टेबलबेसच्या बाहेर, म्हणजे आठ मोहऱ्यांपासून वर, अजूनही अंदाजच आहे. तिथली दुखरी जागा म्हणजे किल्लेबंदी. एका बाजूकडे मोहरी जास्त, पण आत शिरायला वाट नाही. बेरीज सांगते अडीच-तीनचा फायदा, आणि तीस चाली उलटल्या तरी तोच आकडा जागचा हलत नाही. मुरलेले खेळाडू आकड्याकडे न बघता तो हलतोय का एवढेच बघतात. याच्या उलट २०१८मध्ये लंडनच्या जगज्जेतेपदाच्या सहाव्या डावात घडले. माणसांना बरोबरी वाटत होती आणि नॉर्वेतल्या एका महासंगणकावर चालणारे इंजिन ३६ चालींत मात दाखवत होते. त्यासाठी काळ्याने स्वतःचा घोडा कोपऱ्याशेजारी अशा घरात नेऊन ठेवायचा होता, जिथून तो निघूच शकणार नाही असे वाटावे. तशी चाल कुणी खेळत नसते. डाव ८०व्या चालीला बरोबरीत सुटला.

न्यूरल नेटवर्क, म्हणजे असंख्य डावांतून स्वतःच शिकणारे जाळे, आल्यावर हाताने लिहिलेले नियम मागे पडले. लीला हे इंजिन आकडा देताना मुळात जिंकण्याची शक्यता मोजते. शेवटात त्याचा परिणाम असा झाला की सगळ्याच चाली जिंकत असल्या तर तिला एकही घाईची वाटेना. वजीर हाताशी असताना ती राजा फिरवत बसायची. ‘अजून किती चाली उरल्या’ याचाही अंदाज बांधायला तिला २०२०च्या सुमारास शिकवावे लागले. स्टॉकफिश या दुसऱ्या इंजिनमध्ये त्याच वर्षी न्यूरल मूल्यमापन आले आणि २०२३मध्ये जुने हाताने लिहिलेले मूल्यमापन कोडमधून काढून टाकले गेले. चुकीच्या रंगाचा उंट, वेगळ्या रंगांचे उंट, सगळे ज्ञान जाळ्याच्या आत कुठेतरी मुरले.

या बदलाच्या मधेच, २०२२च्या डिसेंबरमध्ये, आकड्याचा अर्थच बदलला. स्टॉकफिशचे अधिक एक म्हणजे एक प्यादे जास्त, ही ओळख तिथे संपली. आता अधिक एक म्हणजे तुल्यबळ प्रतिस्पर्ध्याशी जिंकण्याची शक्यता ५० टक्के. २०२४पासून हा आकडा बसवताना पटावर किती मोहरी उरली आहेत तेही धरतात. म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या विश्लेषणातला हत्तींच्या एंडगेमचा ‘अधिक १.२’ आणि आजच्या पट्टीवरचा ‘अधिक १.२’ एकमेकांशेजारी ठेवू नयेत. बऱ्याच पुस्तकांत आणि क्लासच्या टिपणांत ते अजून तसे ठेवलेले दिसतात.