हीट की पायोमेट्रा? म्हाताऱ्या कुत्रीचे डाग ओळखताना

आठ-नऊ वर्षांची, नसबंदी न झालेली कुत्री फरशीवर डाग पाडू लागली की घरात पहिलं वाक्य निघतं, ‘पुन्हा हीटवर आली वाटतं.’ हीट म्हणजे माज. बऱ्याचदा ते खरंही असतं. कुत्रीला रजोनिवृत्ती नसते. वय वाढलं की दोन हीटमधलं अंतर वाढतं, कधी डाग दिसतही नाहीत, पण चक्र चालूच राहतं. मात्र याच वयात तसाच डाग गर्भाशयात पू झाल्याचा, म्हणजे पायोमेट्राचाही असतो. तो जिवावर बेततो.

रंगाआधी तारीख बघा. हीटमध्ये योनी सुजते, साधारण नऊ दिवस लालसर पातळ स्राव होतो, मग तो फिकट होतो आणि मादी शेपूट बाजूला करून नराला जवळ येऊ देते. सगळं मिळून तीनेक आठवडे. पायोमेट्रा बहुधा हीट संपल्यावर दोन ते आठ आठवड्यांत उगवतो. म्हणून ‘महिन्यापूर्वीच तर झाली होती, परत कशी?’ असा प्रश्न पडला, की थेट डॉक्टर गाठायचा. गॅस सिलिंडरची तारीख कालनिर्णयवर लिहिता, तशीच हीटचा पहिला दिवसही लिहा.

या अंतराला कारण आहे. नर लागो वा न लागो, हीटनंतर जवळपास दोन महिने प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन चढलेलं राहतं. गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, ग्रंथी चिकट स्राव सोडतात, तोंड मिटतं आणि तिथली प्रतिकारशक्ती मंदावते. हीटमध्ये तोंड उघडं असताना वर चढलेल्या जंतूंना, बहुतेक वेळा ई. कोलायला, आयती जागा मिळते. दर चक्रागणिक अस्तर आणखी बिघडतं, म्हणून धोका वयाबरोबर वाढतो.

ई. कोलायच्या विषामुळे मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. मग ती खूप मुतते आणि खूप पाणी पिते. मुंबईत इथेच फसगत होते: मे महिन्याच्या घामट उकाड्यात ‘उन्हाळाच आहे’ म्हणून कोणी लक्ष देत नाही. तेव्हा मोजा. सकाळी बाटली भरून दिवसभर त्यातूनच वाडग्यात ओता. दर किलो वजनामागे ५०-६० मिली ठीक. १०० मिलीच्या वर, म्हणजे दहा किलोच्या कुत्रीला लिटरभराहून जास्त, तर तपासणी हवीच. मधुमेह आणि मूत्रपिंडाच्या आजारातही तहान वाढते, पण तेही डॉक्टरकडेच कळेल.

पायोमेट्राचा स्राव घट्ट, तपकिरी-लाल किंवा पिवळट-हिरवा असतो, अनेकदा घाण वासाचा. सोबत खाणं सुटतं, उलट्या होतात. हीटमधली कुत्री अस्वस्थ असेल, पण आजारी दिसत नाही. मात्र चाटून साफ करणारी मादी पुरावा ठेवत नाही, आणि गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर स्राव येतच नाही. नुसतं पोट फुगतं. हा बंद प्रकार जास्त घातक, गर्भाशय फुटू शकतं. ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका, पुष्कळ जणींना तो नसतोच. पोट दाबून बघू नका.

निदान सोनोग्राफी आणि रक्ततपासणीने होतं. उपचार म्हणजे सलाइन आणि अँटिबायोटिक देऊन अंडाशयासह गर्भाशय काढणं. नुसत्या गोळ्यांनी डाग कमी होतात, पू आतच राहतो. घरातली ब्रुफेन किंवा क्रोसिन तर मुळीच नको. हीट थांबवायचं हार्मोनचं इंजेक्शन ‘सोय’ म्हणून घेतलं जातं, त्याने उलट पायोमेट्राचा धोका वाढतो.

महिनोन्‌महिने थेंब थेंब रक्त येत असेल, तर मात्र संसर्गजन्य गाठीचीही (टीव्हीटी) शंका घ्यावी. ती नरापासून लागते आणि केमोथेरपीला बहुधा चांगला प्रतिसाद देते.

आजार नसेल तर नसबंदी हीटमध्ये करू नये, रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. हीट संपून दोन-तीन महिने झाले की करावी. दहाव्या वर्षीही होते, फक्त आधी हृदय आणि मूत्रपिंड तपासून घ्यावं लागतं.