उभ्या गाडीतून सुटणारी वाफ

इंजिन बंद असले की गाडी हवा दूषित करत नाही असा समज सर्रास आढळतो, कारण प्रदूषण म्हटले की आपल्याला धूरच आठवतो. प्रत्यक्षात उन्हात नुसत्या उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीतले पेट्रोलही तापते, त्याची वाफ होते आणि टाकीतला दाब वाढला की ती बाहेर पडू पाहते. या वाफेतल्या हायड्रोकार्बनांची नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी सूर्यप्रकाशात अभिक्रिया होऊन जमिनीलगत घातक ओझोन तयार होतो; शिवाय वाफेत कर्करोगकारक बेंझीन असते ते वेगळेच. म्हणून १९७० च्या सुमारास अमेरिकेत नव्या मोटारींना ही वाफ अडवणे सक्तीचे झाले.

वाफ अडवतो तो कोळशाचा एक साधा डबा, म्हणजे कॅनिस्टर. टाकीच्या माथ्यावरून निघालेली नळी त्यात येते आणि आत सक्रिय कोळशाच्या बारीक काळ्या कांड्या खच्चून भरलेल्या असतात. या कोळशाला इतकी सूक्ष्म छिद्रे असतात, की एका ग्रॅमचे आतले पृष्ठफळ हजार चौरस मीटरच्या घरात जाते. स्पंज पाणी पितो तसे हे शोषण नव्हे, तर अधिशोषण आहे : वाफेचे रेणू छिद्रांच्या भिंतींना केवळ चिकटतात. काही छिद्रे जेमतेम रेणूच्याच मापाची असल्याने रेणूला दोन्ही भिंतींची ओढ एकदम लागते. मात्र हे बंध रासायनिक नसून दुबळे व्हॅन डर वाल्स बल (रेणूंमधली क्षीण ओढ) असल्याने ते सोडवताही येतात, आणि सगळी खुबी त्यातच आहे. रेणू चिकटताना उष्णता बाहेर पडते व सुटताना शोषली जाते, त्यामुळे डबा भरताना किंचित तापतो आणि रिकामा होताना गार पडतो.

रिकामा करण्याचे काम इंजिनच करते. ते तापल्यावर गाडीतला संगणक पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे डबा आणि इंजिन यांच्यामधली झडप, उघडतो, इंजिनच्या ओढीने बाहेरची ताजी हवा कोळशातून खेचली जाते आणि सुटलेले रेणू सिलिंडरमध्ये जळून जातात. या आयत्या इंधनामुळे मिश्रण बिघडू नये म्हणून धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या सांगण्यावरून इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारी तोटी, तेवढे पेट्रोल कमी सोडतो.

पंपाची तोटी आपोआप बंद झाल्यावरही टाकी काठोकाठ भरण्याचा हट्ट करणारे मात्र या डब्याचे वैरी ठरतात, कारण वाफेऐवजी द्रव पेट्रोलच कोळशात शिरले, की छिद्रे तुंबतात आणि पुढची वाफ धरायला जागाच उरत नाही.