गाविलगडच्या उघड्या माथ्यांची पार्श्वभूमी

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढून वर आले की सागाचे दाट रान मागे पडते आणि गवताचे मोकळे पठार सुरू होते. त्याच्या कडेला काळ्या दगडाचे सुळके आणि तुटलेले कडे आहेत. हरिकेन पॉइंट, देवी पॉइंट, पंचबोल पॉइंट अशा नावांनी पर्यटक त्यांना ओळखतात. ही नावे अलीकडची असली तरी या माथ्यांवरची माणसांची ये-जा फार जुनी आहे, आणि हे माथे आजच्या रूपात आपल्यापर्यंत का पोचले हे त्या इतिहासाशिवाय कळत नाही.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर साचले. त्यांतील टणक थर टिकले आणि मऊ थर झिजले, म्हणून इथले डोंगर शिखरासारखे निमुळते न होता माथ्यावर सपाट राहिले. दक्षिणेकडे गाविलगड भ्रंशाला, म्हणजे जमीन तुटून वर-खाली सरकलेल्या भेगेला, लागून पूर्णेचे गाळाचे मैदान खाली राहिले आणि डोंगर त्याच्यावर भिंतीसारखा उभा राहिला. अचलपूर किंवा अकोट भागातील काळ्या मातीच्या शेतातून उत्तरेला पाहिले तर ही भिंत सलग दिसते. माथ्यावर मातीचा थर पातळ आणि मुरमाड असल्यामुळे मोठी झाडे विरळ वाढतात, मात्र पावसाळ्यात गवत भरपूर येते. रांगेतील सर्वांत उंच ठिकाण वैराट सुमारे 1,178 मीटर उंचीवर आहे, तर चिखलदरा त्याहून थोडे खाली, 1,100 मीटरच्या वर आहे.

या गवताने प्रथम गवळ्यांना वर आणले. गाविलगड हे नाव त्यांच्यावरूनच पडले असे परंपरा सांगते, आणि दगडी तटबंदीच्या आधी येथे गवळ्यांचा मातीचा कोट होता अशीही समजूत आहे. खोऱ्यांतून कोरकू आदिवासींची वस्ती होती. त्यांची भाषा मुंडा कुळातील असून त्यांचा ग्रामदेव मुठवा आजही गावोगाव पुजला जातो. महाभारतातील विराटनगरी म्हणजे वैराट, आणि भीमाने कीचकाला मारून दरीत टाकले ते ठिकाण म्हणजे भीमकुंड, असे लोक सांगतात; चिखलदरा हे नाव कीचकदऱ्यावरून आले असेही मानतात. या कथांचा काळ ठरवता येत नाही, पण कडे, कुंड आणि माथा यांना लोकांनी किती बारकाईने न्याहाळले होते हे त्यांतून दिसते.

बहमनी सुलतान अहमदशाह वली याने 1425 च्या सुमारास गाविलगडचा किल्ला बांधला आणि याच रांगेतील नरनाळा किल्ल्याची डागडुजी केली, असे इतिहासकार फरिश्ता लिहितो. पुढे इमादशाहीने दोन्ही किल्ले बळकट केले. अकबराच्या काळात वऱ्हाडच्या सुभ्यात गाविल आणि नरनाळा ही दोन स्वतंत्र सरकारे (सुभ्याचे महसुली विभाग) होती, म्हणजे मैदानातील महसुली कारभार या डोंगरी किल्ल्यांच्या नावाने ओळखला जात होता.

डिसेंबर 1803 मधील वेढा मात्र जरा सविस्तर सांगायला हवा, कारण त्यात या भूमीची घडण स्पष्ट दिसते. असई आणि अडगाव येथे इंग्रजांकडून झालेल्या पराभवांनंतर नागपूरच्या भोसल्यांचे सैन्य गाविलगडावर गेले होते आणि त्यांचा किल्लेदार बेनीसिंह किल्ला लढवत होता. दक्षिणेकडे सरळसोट कडा असल्याने तिकडून चढाई जवळपास अशक्य होती. उत्तरेला मात्र किल्ला पठाराच्या सपाट जमिनीला जोडलेला आहे, आणि तीच त्याची दुर्बळ बाजू ठरली. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने दक्षिणेकडून दबाव ठेवला, तर कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने जंगलातून वाट तयार करत तोफा ओढून उत्तरेकडील पठारावर आणल्या. 15 डिसेंबरला बाहेरच्या तटाला पडलेल्या खिंडारातून सैन्य आत शिरले आणि आतल्या तटाला शिड्या लावून किल्ला घेतला गेला. बेनीसिंह लढताना मारला गेला. दोनच दिवसांनी इंग्रज आणि भोसले यांच्यात देवगावचा तह झाला. ज्या मोकळ्या पठारावर आपण आज वारा खायला जातो, त्याच पठारामुळे गड पडला, ही जाणीव तेथे फिरताना असावी असे मला मनापासून वाटते.

1822 च्या तहाने वर्धा नदी ही भोसले आणि निजाम यांच्यातील सीमा ठरली आणि हा डोंगरी मुलूख निजामाकडे राहिला. त्यानंतर 1823 मध्ये हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन चिखलदऱ्याला पोचला. अनेक पुस्तिका येथूनच इतिहास सुरू करतात आणि त्याने या ठिकाणाचा ‘शोध’ लावला असे सांगतात. गवळी आणि कोरकू पिढ्यान्‌पिढ्या तेथे असताना हा शब्द वापरणे मला अन्यायाचे वाटते. त्याच वर्षाच्या जानेवारीत, डोंगरमाथ्यांवरून कोन मोजत भारताचे त्रिकोणमितीय सर्वेक्षण करणारा विल्यम लॅम्बटन हिंगणघाटला वारला. विदर्भातील उंचवट्यांकडे फौज आणि मोजणीखाते एकाच सुमारास वळले होते, असे यावरून म्हणता येईल. 1839 पासून चिखलदरा हवापालटाचे ठिकाण म्हणून वापरले जाऊ लागले, बंगले उभे राहिले आणि पुढे कॉफीचे मळेही आले. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला, आणि 1857 च्या उठावानंतर तात्या टोपे यांच्या सैन्याला आश्रय मिळू नये म्हणून गाविलगडाची तटबंदी मोडण्यात आली.

इंग्रजी अमलात जंगल राखीव झाले आणि चराईवर बंधने आली, तरी गवळ्यांची गुरे आणि त्यांचा खवा परतवाड्याच्या बाजारापर्यंत येत राहिला. 1974 मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला, तो देशातील पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक होता. नंतरच्या काळात कुंड, बोरी, कोहा, वैराट, चुर्णी यांसारखी गावे गाभाक्षेत्रातून बाहेर वसवण्यात आली. त्या गावांच्या शेतजमिनींवर आता गवत आहे आणि त्यावर गवे आणि सांबर चरतात. हे गवत आपोआप टिकत नाही. वनविभाग तण काढून आणि चांगल्या जातीचे गवत वाढवून ती जागा मोकळी ठेवतो, आणि जे काम पूर्वी गवळ्यांच्या गुरांकडून चराईच्या ओघात होत असे, त्यासाठी आता दरवर्षी मजूर लावावे लागतात.