एनएची गाडी येत नाही

"तुमची गाडी कधी येणार ओ?"

मंगळवारी रात्री नऊच्या सुमारास सांगलीकडून आलेला फोन. मुलगा चोवीस वर्षांचा, ब्राऊन शुगरवर, घरातलं मिक्सरचं भांडंसुद्धा विकून बसलेला. काकांना कुणीतरी सांगितलं होतं की एनएवाले (म्हणजे आम्ही, नशा सोडू पाहणाऱ्यांच्या ग्रुपमधले लोक) पोराला घरातून उचलतात, तीन महिने ठेवतात आणि सुधारून परत आणून सोडतात. मी म्हटलं, "काका, आमच्याकडे गाडी नाही. खाटाही नाहीत." पलीकडे जरा वेळ शांत. मग, "म्हणजे फुल्ल झालंय का?"

हा फोन इतक्या वेळा घेतलाय की आता एकदाचं लिहूनच टाकतो. एक मेंबर म्हणून लिहितोय. एनएच्या वतीने बोलायचा अधिकार मला नाही.

व्यसनमुक्ती केंद्र म्हणजे काय, हे सांगायला नको. दाखला, फी, डॉक्टर, समुपदेशक, सकाळचा योग, ठरलेले दिवस, मग घरी. पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता अवचटांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं, तेव्हापासून मराठी घरांना हे चित्र ओळखीचं आहे.

एनए म्हणजे नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस. एक खोली, बहुतेक शाळेचा वर्ग नाहीतर चर्चचा हॉल, तीही तासा-दीड तासासाठी भाड्यानं. प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा. सगळे एकेकाळचे किंवा कालपरवापर्यंतचे नशेबाज. एकेक जण स्वतःचं नाव सांगतो, "मी अ‍ॅडिक्ट आहे" म्हणतो आणि स्वतःबद्दल बोलतो. मध्ये कुणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. शेवटी की-टॅग: पहिल्यांदा आलेल्याला पांढरा, तीस दिवस क्लीन, म्हणजे नशेशिवाय, असेल तर केशरी, साठला हिरवा, नव्वदला लाल. वर्षाचा टॅग अंधारात चमकतो. माझा पहिला पांढरा टॅग अजून किल्ल्यांच्या जुडग्यात आहे, पार पिवळा पडलेला. पैशांसाठी एक पिशवी फिरते. मेंबरांनी टाकलं तर टाकलं. बाहेरच्या कुणी लाखाची देणगी दिली तरी ती परत जाते.

एए आणि एनए यांतला फरक दोन ओळींचा. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारूसाठी, १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी एका शेअर दलालानं आणि एका सर्जननं सुरू केलं, दोघेही पक्के पिणारे. एनए १९५३ सालचं, कॅलिफोर्नियातलं. तिथं कुठला माल घ्यायचास हे विचारत नाहीत, आणि दारूही ड्रगच धरतात. आणि हो, हे भजनी मंडळही नाही. ईश्वराचा उल्लेख येतो. कुणी त्याला विठोबा समजतो, कुणी समोरच्या वीस खुर्च्यांना.

आता खरा घोळ. तो लोकांच्या अडाणीपणातून आलेला नाही, त्याला कारण आहे. बरीच केंद्रं एनए-एएच्याच नशा सोडायच्या बारा पायऱ्या शिकवतात. तिथले समुपदेशक बऱ्याचदा स्वतः जुने व्यसनी असतात आणि सकाळच्या बैठकीला ते 'मीटिंग'च म्हणतात. भरीत भर म्हणजे आमचे मेंबर केंद्रांत आणि तुरुंगांत जाऊन मीटिंगा घेतात. दर शनिवारी एनएची माणसं फाटकातून आत जाताना दिसली, की बाहेर बसलेल्या आईला वाटणारच, हे केंद्र यांचंच. पण एनएचं स्वतःचं एकही केंद्र नाही. कुठल्याही केंद्राला आपलं नाव द्यायचं नाही, पैसा द्यायचा नाही, शिफारसही करायची नाही, हे आमच्या बारा परंपरांमध्येच, म्हणजे ग्रुपच्या नियमांमध्येच, लिहिलंय. त्यामुळे पाटीवर 'एनए मान्यताप्राप्त केंद्र' असं लिहिलेलं दिसलं, तर ती थाप आहे. एवढ्या एका ओळीवरून केंद्रचालकाची परीक्षा करा.

पण मालकी कुणाची, हा वरवरचा भाग. घोटाळा होतो तो जबाबदारीच्या प्रश्नावर. केंद्रात तुमच्या मुलाची जबाबदारी कुणावर तरी असते. त्याची फाइल असते, रात्री फिट आली तर उठणारं कुणी असतं, तुम्ही फोन केलात तर "कसा आहे?" याला उत्तर मिळतं. ग्रुपमध्ये त्याची जबाबदारी कुणावरच नसते. हजेरी नाही, रजिस्टर नाही. स्पॉन्सर म्हणजे पायऱ्या करून घेणारा जुना मेंबर. तो ना डॉक्टर, ना वॉर्डन. मेंबर व्हायला एकच अट: नशा थांबवायची इच्छा. ती इच्छा बापाची असून चालत नाही. म्हणून कुणाला एनएत 'टाकता' येत नाही. पोरगा एकदा नाक मुरडून येईल, चहा पिऊन जाईल, सहा महिन्यांनी आपणहून येईल. मधल्या काळात त्याला आणायला कुणी जाणार नाही.

काकांनी पुढचा प्रश्न विचारलाच, सगळेच विचारतात. "बरं, तो आला की नाही, तेवढं तरी कळवाल?" नाही. फार निष्ठुर वाटतं, मलाही सुरुवातीला वाटायचं. पण खोलीत बोललेलं घरी पोचतं असा नुसता वास जरी लागला, तरी तो पोरगा दुसऱ्या दिवसापासून तिथंही तेच बोलेल जे घरी बोलतो. म्हणजे खोटं.

या गोंधळाची किंमत पहिल्यांदा शरीर मोजतं. रोज भरपूर पिणाऱ्यानं किंवा झोपेच्या गोळ्यांवर असलेल्यानं एकदम सोडलं तर फिट येऊ शकते. दारूत दोन-चार दिवसांनी भास, थरथर, प्रचंड गोंधळ सुरू होऊ शकतो आणि त्यात माणूस दगावूही शकतो. अशाला मीटिंगला आणून बसवू नका. डॉक्टरकडे न्या, मीटिंग पळून जात नाही. गर्दची, म्हणजे ब्राऊन शुगरची, टर्की (सोडल्यावर होणारा त्रास) दिसायला भयंकर असते, पण तिथं मोठा धोका नंतरचा आहे. केंद्रात नव्वद दिवस काढले की शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. "कोर्स पूर्ण झाला" म्हणून घरच्यांनी पेढे वाटलेले असतात. तो गल्लीत जाऊन जुन्याच मापानं घेतो आणि जिवानिशी जातो. 'कोर्स' हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं ते यामुळे. केंद्र दिवस मोजून सोडतं, ग्रुपला शेवटची तारीखच नाही. एकाच्या जागी दुसरं वापरून चालत नाही.

उलटी चूक आमच्याच लोकांची. डॉक्टरांनी ब्युप्रेनॉर्फिन (गर्दची ओढ कमी करणारी गोळी) लावलं असेल तर काही जुने मेंबर नाक मुरडतात, "तू कसला क्लीन?" म्हणतात. हा आगाऊपणा आहे. मेंबरानं डॉक्टरकी करू नये, हे एएच्या पत्रकात स्पष्ट छापलेलं आहे. मीटिंगमधल्या कुणाच्या सांगण्यावरून गोळी बंद करू नका.

आणि ते "न सांगता चहात टाका, दारू सुटेल" वालं औषध. त्यात डायसल्फिरम असेल आणि त्या माणसानं वर दारू घेतली, तर जिवावर बेतू शकतं. ते ना केंद्र, ना ग्रुप. ते विष कालवणं आहे.

गाडीचं राहिलंच. काही केंद्रं चार पोरं पाठवून माणसाला झोपेतून उचलतात. सज्ञान माणसाला असं नेता येत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा व्यसनालाही लागू आहे. माणूस स्वतः निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसेल तरी दोन तज्ज्ञांनी, त्यात एक मनोविकारतज्ज्ञ, त्याला वेगवेगळं तपासावं लागतं. आणि मग सुरुवातीला जास्तीत जास्त तीस दिवस. बापाचा फोन आणि आगाऊ रक्कम एवढ्यावर जे केंद्र गाडी काढतं, त्याला मी माझं मांजरही सोपवणार नाही.

काकांना मी १४४४६ हा सरकारी हेल्पलाइनचा नंबर दिला, जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागात जायला सांगितलं. मग म्हटलं, घरच्यांसाठीही वेगळे ग्रुप असतात, नार-अ‍ॅनॉन. तिथं तुम्ही आणि काकू जाऊ शकता, पोरगा येवो न येवो.

"आम्ही कशाला? आम्ही काय घेतो?"

"तुम्ही कितीला झोपता, काका?"

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "थांबा, पेन आणतो."