चिठ्ठीवरची अक्षरे, पाकिटावरची अक्षरे
(औषधांच्या डब्यात ठेवण्यासाठी आमच्या मेडिकलचे माहितीपत्रक)

औषध देताना आम्ही पाकिटावर पेनाने खुणा करतो, पण त्या पुसल्या जातात. शिवाय काउंटरवर येणारे एक असतात आणि घरी औषध देणारे दुसरेच. चिठ्ठीवरची अक्षरे घरात कोणा एकाला तरी वाचता यायला हवीत.

किती वेळा घ्यायचे

ही अक्षरे बहुतेक लॅटिन शब्दांवरून आली आहेत. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस किंवा टीआयडी तीनदा, क्यूआयडी चारदा. एचएस म्हणजे रात्री झोपताना आणि स्टॅट म्हणजे पहिला डोस आत्ता, लगेच. काही डॉक्टर अक्षरांऐवजी १-०-१ लिहितात: सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. डोळ्यांच्या चिठ्ठीवर मात्र ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस डावा आणि ओयू दोन्ही, त्यामुळे तिथे किती वेळा ते वेगळे पाहा.

अँटिबायोटिक बीडी लिहिले असेल तर दोन डोसमध्ये साधारण १२ तास हवेत, टीडीएस असेल तर ८. सकाळची गोळी दहाला आणि "विसरायला नको" म्हणून दुसरी चारला घेतली, तर पुढचे १८ तास रक्तात औषध कमी पडते.

एसओएस म्हणजे त्रास झाला तरच. बहुधा पॅरासिटामॉल असे लिहून येते आणि गडबड तिथेच होते. ताप उतरला नाही म्हणून तासाभरात दुसरी गोळी घेऊ नका, निदान ४ ते ६ तास जाऊ द्या. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. दोन वेगळ्या नावांची पाकिटे असली तरी आतले औषध तेच आहे का, हे मागच्या बारीक अक्षरांत वाचा. मोठ्या माणसाला २४ तासांत सगळे मिळून ४ ग्रॅमच्या पुढे जाता कामा नये. लिव्हरचा आजार असेल किंवा रोज दारू घेत असाल तर मर्यादा याहून कमी, ती डॉक्टरांना विचारा.

आठवड्यातून एकदा

हा मजकूर दोनदा वाचा. संधिवातासाठी आणि सोरायसिससाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर तोंड येते, रक्तपेशी घटतात आणि जिवावर बेतते. तिच्यासोबत दिलेली फॉलिक ॲसिडची गोळीही पुष्कळदा तशीच लहान, पिवळी असते. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर वार लिहून घ्या आणि दोन्ही गोळ्या वेगळ्या डब्यांत ठेवा. ६०,००० युनिटचे ड जीवनसत्त्वही सहसा आठवड्याला एकच असते, रोजचे नव्हे.

जेवणाआधी की नंतर

एसी म्हणजे जेवणाआधी, पीसी म्हणजे जेवणानंतर. अनशापोटी म्हणजे खरोखर रिकामे पोट, चहाही नको. थायरॉइडची गोळी उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर घ्या आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर ती चार तासांनी, नाहीतर थायरॉइडचे औषध नीट शोषले जात नाही आणि तपासणीत टीएसएच वाढलेले दिसते. ही गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते. १००० मायक्रोग्रॅम म्हणजे १ मिलिग्रॅम, म्हणून २५ आणि ५० यांत गल्लत नको.

ग्लिमेपिराइडसारखी साखरेची गोळी घेतल्यावर जेवण लांबवू नका, साखर खाली जाते. एकादशी-चतुर्थी करत असाल तर त्या दिवशीच्या गोळीचे डॉक्टरांना आधीच विचारा.

नावापुढची शेपटी

एसआर, ईआर, एक्सआर, एक्सएल, सीआर: गोळीतले औषध हळूहळू सुटते. कुटली किंवा चावली तर दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते. मध्ये रेघ असेल आणि डॉक्टरांनी सांगितले असेल तरच अर्धी करा. ईसी म्हणजे जठरात न विरघळणारे वेष्टन, तीही कुटायची नाही. डीटी चमचाभर पाण्यात विरघळवा. एमडी जिभेवर आणि एसएल जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही. छातीत दुखण्यासाठी दिलेली एसएल गोळी बसूनच घ्या, रक्तदाब उतरून चक्कर येते.

लहान मुलांचे औषध

ड्रॉप्स आणि सिरप एकच नव्हे. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये सहसा १ मिलीत १०० मिलिग्रॅम असते. १२५ च्या सिरपमध्ये ५ मिलीत १२५, म्हणजे १ मिलीत फक्त २५. सिरपच्या मापाने ड्रॉप्स पाजले तर डोस चौपट होतो. घरातला चमचा माप नाही, बाटलीसोबतचे झाकण किंवा सिरिंजच वापरा. पावडरच्या सिरपमध्ये उकळून गार केलेले पाणी आधी खुणेच्या खाली घाला, हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा. एकदा कालवलेले औषध लेबलवर दिलेल्या दिवसांनंतर फेकायचे, अर्धी बाटली उरली असली तरी.

इन्सुलिन

आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुतेक १ मिलीत ४० युनिटचे आणि पेनमधले १०० चे. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० ला नारिंगी. पेनच्या कार्ट्रिजमधून लाल सिरिंजने औषध ओढले तर खुणेपेक्षा अडीचपट इन्सुलिन जाते. सिरिंज मागताना बाटली सोबत आणा. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरायचे नाही.

लाल रेघ आणि तारीख

पाकिटावर लाल उभी रेघ असेल तर ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही. एच-१ यादीतल्या औषधांसाठी, म्हणजे बऱ्याच अँटिबायोटिक, काही झोपेच्या आणि क्षयरोगाच्या औषधांसाठी, रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वहीत नोंदवून ती नोंद ३ वर्षे ठेवावी लागते. नियम १ मार्च २०१४ पासून आहे. नाव विचारले म्हणून रागावू नका.

मुदतीचा महिना ०६ छापला असेल तर ३० जूनपर्यंत चालते. डोळ्यांचे थेंब मात्र बाटली उघडल्यापासून बहुधा महिनाभरच, तेव्हा उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा. गोळ्या कापून घेताना तारखेचे टोक शेवटपर्यंत राहू द्या. सुट्ट्या गोळ्या नेत असाल तर आम्ही तारीख पुडीवर लिहून देतो, ती मागून घ्या.