भातावरचे तुडतुडे आणि नावाचा घोळ

दसऱ्याच्या सुमारास मुरबाड-शहापूरकडच्या भातखाचरात मधोमध एखादा गोल चट्टा वाळलेला दिसतो. पाणी आहे, खत आहे, तरी भात जळालेले. चूड फाकवून बुंध्याशी पाहिले की पाण्याच्या जरा वर, कणीएवढे तपकिरी किडे खोडाला चिकटून रस पीत असतात.

हेच तपकिरी तुडतुडे. कीड जुनीच. जपानात १७३२च्या दुष्काळात तुडतुड्यांचा मोठा हात होता. आपल्याकडे मात्र तिचे खरे प्रस्थ माजले ते बुटक्या जाती आणि युरिया आल्यावर. आयआर ८ हा बुटका वाण आला १९६६ला. १९७३-७४ मध्ये केरळात भाताची दाणादाण उडाली. त्याच सुमारास आलेला प्रतिकारक आयआर २६ फिलिपिन्स-इंडोनेशियात दोन-तीन वर्षांतच या किडीपुढे हरला.

खरा गुंता शब्दाचा आहे. मराठीत आंब्याच्या मोहरावरचे तुडतुडे, कपाशीवरचे तुडतुडे, भातावरचे हिरवे तुडतुडेही तुडतुडेच. हे सगळे एका कुळातले. भातावरचे तपकिरी आणि पांढऱ्या पाठीचे तुडतुडे मात्र वेगळ्या कुळातले. त्यांच्या मागच्या पायाला घोट्यापाशी एक हलणारी आर असते, भिंगातून सहज दिसते. विदर्भात तर ‘मावा-तुडतुडा’ म्हणतात, म्हणजे त्यात मावाही आला. हा नुसता शब्दच्छल नव्हे. दुकानात ‘तुडतुड्याचं औषध द्या’ म्हटले की आंब्यावर चालणारे डेल्टामेथ्रिन हाती पडू शकते. भातावर त्याने कोळी आणि मित्रकीटक मरतात, आणि तपकिरी तुडतुडे उलट वाढतात. त्यात फवारा बहुधा वरच्या पानांवर, कीड खाली बुंध्याशी!

इंडोनेशियाने १९८६मध्ये भातावरची ५७ कीटकनाशके एका फटक्यात बंद केली. तेव्हा त्यावर बरीच ओरड झाली, पण निर्णय योग्यच होता. पुढे इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकावर भिस्त ठेवली गेली. या शतकाच्या पहिल्या दशकातच आशियात बऱ्याच ठिकाणी कीड त्यालाही दाद देईना.

सल्ला तसा साधा आहे: लावणी दाट नको, मध्ये पट्टे सोडा, युरिया बेताने, आणि प्रादुर्भाव दिसला की तीन-चार दिवस पाणी काढून टाका. पण उतारावर खाचराखाली खाचर असते. बांध फोडला की पाणी शेजाऱ्याकडे जाते, आणि ऐन निसवणीत, म्हणजे लोंब्या बाहेर पडताना, पाणी सोडायला कुणाचे मन धजत नाही.